हा बार ऐकू आला

रविवार, ऑगस्ट २००७, रिकार्टन

आज बाबांना पहिल्यांदाच माझ्या पिस्टल क्लबच्या नेमबाजीच्या रेंजवर नेलं. पुण्याहून इथे परदेशात माझ्याकडे येऊन दोन महिने झाले, घरात बसून कंटाळलेत. कमी ऐकू येतं, पण कानाला मशीन लावा म्हटलं की चिडतात. रेंजवर सगळ्यांसारखे त्यांनाही कानांवर लावायला आवाज अडवणारे मफ्स दिले. मी माझ्या चव्वेचाळीस कॅलिबरच्या रिव्हॉल्व्हरने सहा बार काढले, मागे वळून बघते तर बाबांनी एक मफ वर सरकवलेला!

"बाबा, कान जातील!" मी ओरडलेच.

ते हसले. "आता आणखी कुठे जायचेत? हा बार मात्र छान ऐकू आला गं."

सगळ्यांदेखत ओरडायला नको होतं. एरवी किती खुशीत होते! मफ्समुळे तिथे कुणालाच धड ऐकू येत नाही. समोर येऊन, हातवारे करत बोलतात. एका म्हाताऱ्या गोऱ्याशी तर बाबांनी अर्धा तास खुणांनीच गप्पा मारल्या.

परतताना गाडीत म्हणाले, "पुढच्या रविवारीही ने हं. तिथे 'काय म्हणालात?' विचारलं तर कुणी मला 'काही नाही, जाऊ दे' म्हणत नाही."

घरी असं कोण म्हणतं, ते मात्र बोलले नाहीत.