कुमारअण्णाच्या गाडीचे टायर आणि भरमाअण्णांचा बैल

बेळगाव,
सोमवार, २३ जून

प्रिय कुमारअण्णा,

धाकट्या चुलत बहिणीचा, सन्मतीचा, सविनय जयजिनेंद्र. तिकडे जर्मनीत तू खुशाल असशील आणि वहिनींची पाठदुखी कमी झाली असेल, असं धरून चालते. इकडे सगळे सुखरूप आहेत. हे वाक्य मी मुद्दाम आधी लिहिते आहे, कारण पुढचं वाचताना तुला ते खरं वाटणार नाही.

घडलं ते असं:

१. तुझ्या सांगण्यावरून तुझी निळी गाडी वखारीतून बाहेर काढली.
२. गाडी बाहेर आली, गर्रकन फिरली आणि पुन्हा वखारीकडे तोंड करून उभी राहिली.
३. मी चारही टायर नवे घेतले.
४. बेंदराच्या दिवशी काकांनी गाडीला बैलाच्या जागी उभं केलं.
५. गाडी उकिरड्यात गेली.
६. भरमाअण्णांच्या बैलाने ती बाहेर काढली.
७. गिऱ्हाइकाने हे सगळं पाहिलं आणि तरीही त्याला गाडी हवी आहे. सौदा तुझ्या होकारावर अडला आहे.

खरं तर इतकं पुरे. पण तुझ्या आप्पांनी, म्हणजे माझ्या शांतिनाथ काकांनी, तुला फोनवर काहीतरी वेगळंच सांगितलं असणार, म्हणून तपशील देते.

तू गेल्यापासून गाडी निपाणीला तंबाखूच्या वखारीत ताडपत्रीखाली होती. टायर दिसायला नवे होते, नक्षी शाबूत होती. पण रबर म्हातारं झालं होतं. मी नख रोवून पाहिलं, तर नख दुखलं. तुझ्या गाडीची ताकद साडेचारशे अश्वशक्ती आणि ती सगळी मागच्या दोन चाकांवर येते. एक टायर जमिनीला टेकतो तो साधारण तळहाताएवढ्या जागेत. म्हणजे साडेचारशे घोडे आणि दोन तळहात. (ही गाडी घेताना तू हा हिशेब केला नव्हतास, हे मला माहीत आहे. तू रंग बघून घेतलीस.) वखारीच्या दारात मी अ‍ॅक्सिलरेटरला नुसता पाय लावला आणि क्रमांक दोनमध्ये लिहिलेली गोष्ट घडली. काका म्हणाले, "बघ, जनावराला गोठा सोडवत न्हाय." तंबाखूची पूड उडाल्यामुळे आम्ही दोघंही शिंकत होतो, त्यामुळे मला प्रतिवाद करता आला नाही.

त्याच दिवशी तुझा निरोप आला की कोल्हापूरचे रणधीर सरनोबत गाडी बघायला येणार आहेत, तेव्हा चांगले टायर टाकून तिला चालती कर. हे काम माझ्याकडे येणं रास्त होतं. मी चाकणला टायरच्या चाचणीत दोन वर्षं काढली आहेत आणि आता इथे बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यातही चाचणीचंच काम करते. परंतु आपल्या भागात टायर या विषयावर प्रत्येकाचं मत असतं आणि ते ट्रॅक्टरपासून सुरू होतं. काकांच्या मते टायरवर बोटभर खोल नांगरट हवी, तरच तो माती धरतो. मी सांगितलं की डांबराला नांगरायचं नसतं. रस्त्यावर पकड येते ती मऊ रबरामुळे, आणि टायरवरच्या खाचा या फक्त पावसाचं पाणी बाहेर काढणाऱ्या चरी असतात. काका म्हणाले, "व्हय, मग चरी मोठ्या नकोत व्हय?" यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण त्याला आलेख लागला असता. हायवेवर जुन्या टायरवर नवं रबर चढवून देणारे मारुतीराव आहेत. त्यांनी तुझ्या जुन्या टायरवर उसाच्या ट्रॉलीचं रबर चढवून द्यायची तयारी दाखवली ("लई धरतंय, ताई. एकदा धरलं की सोडतच न्हाय"). मी आभार मानून निघाले.

शर्यतीच्या मैदानावर वापरतात तसले जवळजवळ गुळगुळीत टायरही मिळत होते. पकड सर्वांत जास्त त्यांचीच. पण ते तापल्याशिवाय चिकटत नाहीत, आणि आपल्याकडे जूनमध्ये तापतं ते फक्त डोकं. म्हणून मी मधला मार्ग घेतला. मऊ रबराचे, ओल्या रस्त्यावर उत्तम पकड असलेले आणि मागे जास्त रुंद. निवड बरोबर होती. हे वाक्य पत्र संपेपर्यंत लक्षात ठेव.

मागवायला उशीर झाला तो काकूंमुळे. नव्या चाकांनी गाडी पहिल्यांदा स्तवनिधीला दर्शनाला जाईल, असं त्यांनी ठरवलं होतं आणि सहज विचारलं, "ह्यात काय काय घालतेत गं?" मी सांगितलं: रबर, काजळी, सिलिका, गंधक, जस्ताचा ऑक्साइड आणि थोडं स्टिअरिक आम्ल. हे आम्ल पामतेलापासून करतात किंवा जनावराच्या चरबीपासून. मी पामतेलाशी थांबायला हवं होतं. (खरं तर रबराशीच.) काकूंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि इतकंच म्हणाल्या, "मग आजपातुर आम्ही कशावर बसून देवाला गेलतो?" त्या दिवशी त्या कुठल्याच वाहनात बसल्या नाहीत. मी टायरच्या कंपनीला विचारलं. पहिल्या दोन मेलना त्यांनी सवलतीच्या जाहिराती पाठवल्या आणि तिसऱ्याला लेखी उत्तर आलं: या टायरात पामतेलाचंच वापरतो. त्या उत्तराची छापील प्रत काकूंनी देवघरात ठेवली आहे. तू आलास की दाखवतील.

आता बेंदूर. तुला सांगायची गरज नाही, पण तू इतके बेंदूर चुकवले आहेस की सांगते. बैलांच्या या सणाला संध्याकाळी गावच्या वेशीत पिंपळपानांची दोरी आडवी बांधतात, तीच कर. जो बैल ती आधी तोडतो त्याच्या घराला वर्षभर गावात मान. आपली जोडी होती तोवर हा मान बहुतेकदा आपल्याकडे असायचा. जोडी गेली आणि ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरने कर तोडलेली चालते, पण भरमाअण्णांच्या हौशा बैलासमोर आपला ट्रॅक्टर दर वर्षी दुसरा येतो, आणि भरमाअण्णा दर वर्षी काकांना चहाला बोलावतात. काका त्या चहाला जातात. घरी येऊन जेवत नाहीत. यंदा त्यांनी मला बेळगावला फोन केला: "सरनोबत त्याच दिवशी येणार हायत. गाडी काय चीज हाय ते डोळ्यानं बघू द्या की. आन् कर बी आपली." मी नकार दिला. मग विचार केला की दुसऱ्या कुणाच्या हाती ही गाडी देण्यापेक्षा आपणच चालवलेली बरी. (शर्यत जिंकण्याशी याचा काही संबंध नाही.)

मी गावी पोचले तेव्हा दुपार होती आणि पावसाची भुरभुर चालू होती. गाडीला हळदकुंकू लागलं होतं. शिंगं नसल्यामुळे कडबोळ्यांच्या माळा दोन्ही बाजूंच्या आरशांवर घातल्या होत्या. मी चारही चाकांतली हवा मोजली. बरोबर होती. टायर चमकत होते. रस्ताही चमकत होता, आणि मीही भिजले होते, म्हणून ती चमक मी पावसाची धरली. स्वयंपाकघरात काकू विचारत होत्या की कडबोळी तळायच्या तेलाचा डबा अर्धा कुणी केला, तेही मी ऐकलं. पण तो मला माझा विषय वाटला नाही.

झालं होतं ते असं. बेंदराला बैलाच्या खुरांना तेल लावतात. गाडीला खूर नाहीत, टायर आहेत. काकांनी सकाळी शेंगतेलाचा बोळा घेऊन चारही टायर चोळले, आणि तेही नुसते बाजूने नाही. जमिनीला टेकलेला भाग सुटू नये म्हणून गाडी थोडी पुढे ढकलून तोही चोळला. काका कामात चोख आहेत.

लोकांना मी शाळेच्या कुंपणामागे उभं केलं. ती अट मी आधीच घातली होती. चाकं जागच्या जागी फिरायला लागली की इंजिन आवरणारी जी यंत्रणा गाडीत आहे, ती मी स्वतः बंद केली, कारण या टायरांना तिची गरज पडणार नाही असा माझा अंदाज होता. डाव्या अंगाला हौशा आणि त्याचा कासरा धरून भरमाअण्णा. हलगी वाजली. मी पाय दाबला.

पुढे जे झालं ते भौतिकशास्त्राला धरून झालं. इंजिन गरजलं, मागची चाकं फिरली, काटा हायवेचा वेग दाखवू लागला आणि गाडी होती तिथेच राहिली. डावीकडून हौशा पुढे गेला. तो धावत नव्हता, चालत होता. जाताना त्याने काचेतून माझ्याकडे एकदा पाहिलं. तेवढ्यात मागे तेल तापलं आणि वास सुटला. कुंपणामागून कुणीतरी ओरडलं, "कोण भजी तळायलंय रं?" त्यावर शेजारच्या मालुबाईंचा आवाज आला, "भजी न्हवं बाबा, नुसतं शेंगत्याल हाय. चांगल्या घाण्याचं हाय." मी पाय काढला, पण उशीर झाला होता. गाडी खेकड्यासारखी आडवी, अगदी सावकाश, रस्त्याच्या उताराच्या बाजूला सरकत गेली. कडबोळी झुलत होती. मी स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं, डावीकडे फिरवलं, मग हात मांडीवर ठेवले. उकिरडा आपलाच होता, त्यामुळे त्यावरून वाद झाला नाही.

कर तोडून भरमाअण्णा परत आले. बांधावरून वाकून त्यांनी विचारलं, "शांतिनाथअण्णा, वढू काय?" काका "नको" म्हणेपर्यंत दोर बांधून झाला होता. हौशाने साडेचारशे घोडे एका दमात बाहेर काढले आणि डाव्या आरशावरची कडबोळी खाल्ली. काका पारावर जाऊन बसले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले, "आमच्या गाडीनं मानाच्या बैलाला वाट दिली. आमच्या घरचं वळणच तसं हाय." लोक माना डोलवत होते. भरमाअण्णांनीही डोलावली. या वेळी चहा काकांनी पाजला.

सरनोबत हे सगळं मोबाइलवर चित्रित करत होते. मला वाटलं की आता ते परत जातील. ते धावत आले. "ताई, धूर काय काढती ही! हीच पायजे मला." मी समजावलं की धूर निघणं हा दोष आहे, टायर चांगले असले आणि त्यांना तेल लावलं नाही तर धूर निघत नाही. त्यांचा चेहरा पडला. मग म्हणाले, काही हरकत नाही, हे टायर काढून टाकू आणि मागं कडक, स्वस्तातले घालू, म्हणजे जाईल तिथं धूर. मी "ठीक आहे" म्हटलं. गाडी तुझी आहे.

माझं मत विचारशील तर गाडी विकून टाकावी. तुला तिची गरज उरलेली नाही, वखारीत जागा अडते, आणि काकांनी पुढच्या बेंदरासाठी तिच्या टपावर बसवायला शिंगं करायला टाकली आहेत. मी भावनेच्या भरात बोलत नाही, हे तू जाणतोसच. सध्या गाडी बेळगावात माझ्या खोलीखाली आहे, केवळ देखरेखीसाठी.

वहिनींना नमस्कार सांग. थंडीत कानाला बांधत जा.

तुझी,
सन्मती

ता. क. मागचा बंपर मी दुरुस्त करून घेतला आहे. रंग किंचित वेगळा आहे. तुला कळणार नाही, मला कळतो.

ता. क. २. टायर साबणाच्या कोमट पाण्याने, मऊ ब्रशने, एक एक चर धुऊन काढले. चार संध्याकाळी लागल्या. रबराला इजा झालेली नाही. काल रविवारी खात्री करून घेण्यासाठी कणकुंबीपर्यंत जाऊन आले. रस्ता ओला होता, वळणं तुला माहीत आहेत. मी स्टिअरिंग जितकं फिरवलं तितकीच गाडी वळली. जास्त नाही, कमी नाही. मी सांगितलं तेवढंच आणि तसंच, असं आजवर घरात किंवा ऑफिसात कुणीही केलेलं नाही. परत आल्यावर खात्री पुरेशी झाली नाही असं वाटून पुन्हा एकदा गेले.

ता. क. ३. वर 'माझं मत' म्हणून लिहिलं आहे ते रद्द समज. पान पुन्हा लिहायचा कंटाळा आला म्हणून खोडलं नाही. गाडी विकू नकोस. तू येईपर्यंत ती माझ्याकडे राहू दे. विमा, हवा, तेल (इंजिनातलं) सगळं मी बघेन, आणि काकांना मी समजावेन. तो माणूस हे टायर काढून टाकणार आहे, अण्णा. सरनोबत येत्या रविवारी कागद घेऊन येतो म्हणाले आहेत. तुझं हो किंवा नाही मला शुक्रवार, २७ जूनपर्यंत कळव.