चौदा भाषांतली पुस्तिका

३ मार्च
संस्कृत शिकायला मुलं उरली नाहीत, म्हणून खारघरच्या एका इस्पितळात स्टोअर सांभाळायला आलो. सगळे मला मास्तरच म्हणतात. खोली थंडगार, खोकी मुकाट. वर्गापेक्षा शिस्त बरी!

७ मार्च
वॉर्डात दाखल झालेल्या खैरुन्निसाच्या आठ महिन्यांच्या मुस्कानच्या डोक्यात पाणी साचतंय. ते नळीने पोटात उतरवायचं. पण नळीच्या नेहमीच्या झडपेचा तुटवडा, माल बंदरात अडकलेला. डॉ. अभयनी दुसऱ्या बनावटीची निवडली. हिचा दाब म्हणे बाहेरूनच बदलता येतो. सोबत चौदा भाषांतली पुस्तिका. मराठी नाही, संस्कृत तर नाहीच! निषेध म्हणून ड्रॉवरात टाकली. नेहमीच्या खोक्यात पुस्तिका नसतेच, त्यामुळे कुणी मागितलीही नाही.

११ मार्च
शस्त्रक्रिया छान झाली. पोर रडत होती, मी ‘देवः देवौ देवाः’ म्हटलं, झोपली. माझ्या वर्गातही हाच परिणाम होई. खैरुन्निसाने मोबाईलवर रेकॉर्ड केलं. म्हणाली, मास्तर, तुमी भूल देनारे डॉक्टर व्हायला पायजे होतात.

१९ मार्च
मुस्कान परत आली. बुबुळं खाली मावळलेली, वर नुसतं पांढरं. झडपेचा दाब आपोआप बदललाय. डॉक्टरांनी तो पुन्हा लावला.

२५ मार्च
पुन्हा तेच. खैरुन्निसा शपथ घेऊन सांगते, डोक्याला कुणी हात लावला नाही. फक्त माझी रूपावली, मोबाईल उशीखाली ठेवून. त्याशिवाय मुस्कान झोपत नाही. मी जरा सुखावलोच.

३० मार्च
तिसऱ्यांदा. वॉर्डातल्या संघप्रिया सिस्टर आता माझ्या रूपावलीची थट्टा करत नाहीत. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी नजर जाईल, कदाचित पोरही. बदलायला दुसरी झडप नाही. कोण बदलतंय दाब? घरात कोण —

३ एप्रिल, दुपार
ड्रॉवर. पुस्तिका. इंग्रजी पान.
चुंबकाने दाब बदलतो, चुंबक दूर ठेवा. मोबाईल, स्पीकर डोक्याजवळ नकोत —
माझा आवाज. उशीखाली.

फोन लावला. उचलला. खैरुन्निसा रडतेय. मास्तर, डोळे पुन्हा फिरवलेत, तुमचाच फोन आला, अल्लाचीच मेहेर, तिच्या कानाशी धरते, तुमी म्हना —
लांब धरा म्हणून ओरडतोय. फोन खैरुन्निसाच्या कानाला नाही. ओरडतोय ते फक्त मुस्कानला ऐकू —
पोर शांत झाली, खैरुन्निसा लांबून म्हणतेय, थांबू नका मास्तर, अजून जवळ ध