रुक्माबाई शांत झाली

४ ऑगस्ट
रुक्माबाईला आज पुन्हा अडवलं. तिचे मालक ग्यानोबा पुरुषांच्या बाजूला आजारी पडून आहेत — दोघं एकाच वृद्धाश्रमात, मध्ये जाळीचं दार. दार बडवत होती. "माजा माणूस तिकडं एकटा पडून राहिला, मला काहून अडवता?" माझ्याच खोलीतली बाई. सिद्धेश्वरच्या धरणावर जन्मभर नवऱ्यासंगं मासे धरले, आवाज काठापलीकडं जाणारा. आश्रम सांभाळणाऱ्या साधनाताई म्हणाल्या, "सगळ्यांना तकलीफ होते, काकू."

७ ऑगस्ट
तिला नवी गोळी सुरू. "मन शांत राहायची," साधनाताई म्हणाल्या.

१० ऑगस्ट
खरंच शांत झाली. दिवसभर झोप. मला पेपर पूर्ण वाचता आला — बरं वाटलं.

१९ ऑगस्ट
हात थरथरतात. लाळ गळते. घास तोंडात तसाच, गिळायचं विसरते. "ग्यानोबांकडं जायचं का?" विचारलं. नुसती बघत राहिली.
समोरच्या खोलीतल्या दोघींनाही तीच गोळी. संध्याकाळी व्हरांड्यात आवाज म्हणून नसतो. जाळीचं दार आता उघडंच असतं. बंद ठेवायची गरज उरली नाही.

२८ ऑगस्ट
ग्यानोबा गेले. मुलगा प्रज्ञेश पुण्याहून आला. अंगणात त्रिसरण-पंचशील झालं. रुक्माबाईला मीच हाताला धरून नेलं, खुर्चीत बसवलं. सगळं तिच्या डोळ्यांसमोर झालं. डोळ्याला पाणी नाही.
प्रज्ञेश म्हणाला, "आईनं लई धीरानं घेतलं." साधनाताईंनी मान हलवली.
धीर नव्हता तो. पण त्या पोराला तेव्हा काय सांगणार?

२ सप्टेंबर
हिंगोलीहून डॉक्टर आले, त्यांना दारातच गाठलं. आत रुक्माबाईपाशी घेऊन आले. त्यांनी तिचे हात वाकवून पाहिले — लाकडासारखे ताठ. "ही गोळी मी आठ दिवसांपुरती दिली होती. अजून चालूच आहे?"
साधनाताई म्हणाल्या, "साहेब, रात्रीला एकच बाई असते कामाला. एवढ्यांना कोण आवरणार?"
"हळूहळू कमी करत बंद करा. एकदम तोडू नका." समोरच्या दोघींनाही तपासतो म्हणाले.
ते गेल्यावर साधनाताई माझ्या खाटेपाशी थांबल्या. "काकू, तुम्हालाही हल्ली झोप येत नाही वाटतं." चेहऱ्यावर हसू नव्हतं.

५ सप्टेंबर
माझ्या बीपीच्या गोळीसोबत आज आणखी एक होती. पांढरी. साधनाताईंना परत नेऊन दिली. "चुकून आली असेल," म्हणाल्या.
तेव्हापासून प्रत्येक गोळी उजेडात धरून बघते.

१६ सप्टेंबर
रुक्माबाईची गोळी अर्ध्यावर आली. हाताची थरथर कमी. वरणात मीठ नाही म्हणून ओरडली! सगळ्यांनी वळून पाहिलं. मला इतका आनंद झाला की जेवण राहिलं.

२७ सप्टेंबर
गोळी बंद झाली. आज मला नावानं हाक मारली — "अनुसूयाबाई, चला, उनात बसू." प्रज्ञेशला फोन लावून दिला. "जेवला का रे?" एवढंच बोलली, पण तिकडं तो रडत होता.

२८ सप्टेंबर
सकाळी न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून माझ्यापुढं उभी राहिली. म्हणाली, "येता का संगं? माज्या माणसाला बघून येऊ. लई दिस झाले, मला जाऊच दिलं न्हाई."