कडेचे तारे

४ फेब्रुवारी
आजही तेच! घुमटाच्या कडेचे तारे गायब. मान वळवून बघितलं – आहेत. समोर बघितलं – नाहीत. तारांगणाचा प्रोजेक्टर चालवता चालवता केस पिकले, असं कधी झालं नव्हतं. दिवा बदलला, भिंगं पुसली. निवेदन करणाऱ्या बाई म्हणाल्या, "अहो, सगळे तारे जागेवर आहेत. विश्वाचा शेवट अब्जावधी वर्षांनी आहे, तुम्ही आत्ताच काय आवराआवर काढलीत?"
हसलो. मग भिंगं पुन्हा एकदा पुसली.

६ फेब्रुवारी
नवा कार्यक्रम सुरू. शंभर वर्षांपूर्वी मोठमोठे शास्त्रज्ञही समजत, आपली आकाशगंगा म्हणजेच सगळं विश्व. मग कळलं – बाहेर अशा असंख्य आहेत, आणि लांब लांब पळतायत. बाई सांगतात, पुढे कधीतरी त्या इतक्या दूर जातील की त्यांचा उजेड इथे पोचणारच नाही. तेव्हाचा माणूस चांगली दुर्बीण लावून, प्रामाणिकपणे मोजून म्हणेल, बाहेर काहीच नाही. त्याची चूक दाखवायला पुरावाच उरलेला नसेल.
गावच्या शाळेत गुरुजी सांगायचे, देव दिसत नाही म्हणून तो नाही, असं नसतं. तेव्हा धीर यायचा. आज त्याच वाक्याची भीती वाटली. आपल्याला काय दिसत नाही, हे आपल्याला कळणार तरी कसं?

९ फेब्रुवारी
जिन्यात शेजारच्या आजोबांवर आदळलो. बाजूने आले, दिसलेच नाहीत. मागून येणाऱ्या बायकोने लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

१२ फेब्रुवारी
डोळ्यांचा दवाखाना. एका पांढऱ्या वाटीत तोंड घालून बसवलं – माझाच घुमट, छोटा! ठिपका चमकला की बटण दाबायचं. बराच वेळ काहीच नाही.
"मशीन बंद पडलं का?"
डॉक्टर हळूच म्हणाले, "नाही. ठिपके चमकतायत."
नजर कडेकडून मिटत चाललीय. औषध नाही. मग त्यांनी विचारलं, "मुलं किती? हे वारशाने उतरू शकतं. तपासून घ्या."
एकच मुलगी. कॉलेजात जाते.

१३ फेब्रुवारी
देवा, माझे घे. दोन्ही घे. पण तिचे सोड.

१६ फेब्रुवारी
तिची तपासणी उद्या. तिला अजून काही सांगितलेलं नाही. आज कार्यक्रमाला घेऊन गेलो. मधोमध बसली, समोर बघत. दिवे लागल्यावर हसत म्हणाली, "बाबा, कडेला तुम्ही तारेच का लावत नाही हो?"