ओवीच्या पाठीवरचा झुपका

मोहाडी, मंगळवार संध्याकाळ

आज नागपूरला ओवीचे टाके काढले. घरी आल्यापासून ती झोपली आहे आणि मी उगाच तिच्या पाठीकडे बघत बसले आहे. झुपक्याच्या जागी आता एक गुलाबी रेघ.

जन्मली तेव्हा कंबरेच्या वर केसांचा लहानसा झुपका होता. सासूबाई म्हणाल्या, "लक्ष्मीची खूण हाये, कोनाले सांगू नोको." मीही खूश. लस द्यायला तुमसरला नेलं, तर डॉक्टरबाईंची नजर नेमकी तिथेच गेली. असा झुपका असला की आत कण्यात दोष असू शकतो, म्हणत त्यांनी एमआरआय करायला लावलं. पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू खाली चिकटलेला निघाला. ओवी वाढेल तसा तो ताणला जाईल, पायांतली ताकद जाऊ शकेल, म्हणून आत्ताच मोकळा करू, असं सर्जन म्हणाले.

पण पोरगी तर हसत होती, पाय झाडत होती! सासूबाई चिडल्या, "चांगल्या लेकराले कायले कापता?" तरी ऑपरेशनच्या कागदावर मी सही केली. काही बिघडलं तर? रोज हाच विचार.

आज सर्जननी तिच्या तळपायांना गुदगुल्या केल्या. तिनं दोन्ही पाय आखडले आणि त्यांच्या हातावर सणसणीत लाथ मारली. "ही पळणार!" ते हसले. "पण काही वर्षं तपासणीला यावं लागेल." येऊ की!

परतताना सासूबाईंनी तिला मांडीवर घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "माहं आयकलं नाईस पोरी, लय बरं केलंस."