पूर्णविराम

शनिवार संध्याकाळ, ब्रॅकनेल, इंग्लंड

उद्या आमच्या मराठी क्रिकेट क्लबच्या सीझनचा पहिला दिवस. घटनेच्या शिल्पकारांच्या संविधान सभेतल्या त्या शेवटच्या भाषणातला उतारा मला माइकवर वाचायचाय. कमिटीने तो आज पाठवला, तर त्यात ‘राजकारणात समता येईल’ इथेच पूर्णविराम! ‘समाजात मात्र विषमता राहील’ हा पुढचा भाग गायब. मूळ भाषण तिथे थांबतच नाही.

आमच्या ब्राह्मण मंडळींपैकीच कुणीतरी कापलं असणार, असं धरून तावातावाने संदीपला फोन केला. टीममधला तो एकटाच बौद्ध. कापणारा तोच निघाला.

"अगं, मला ते लहानपणापासून पाठ आहे," तो हसला. "पण तू विषमता म्हणालीस की अख्खं ग्राउंड माझ्याकडे बघणार. एक दिवस नुसता ओपनिंग बॅट्समन राहू दे ना मला, प्लीज."

"बरं" म्हटलं. पण तो पूर्णविराम सलतोय. हे त्याचा मान राखणं, की माझी सोय? पूर्ण वाचलं तर प्रामाणिकपणा माझा, आणि नजरा झेलायच्या त्याने.

अर्धंच वाचेन. आणि सगळ्यांत जोरात टाळ्या आमचीच माणसं वाजवतील.