कामुंगा टेकडीतून भावाचा मृतदेह काढू देण्याबाबत

प्रति,
मा. खाण निरीक्षक,
ब्विराम्बो खाण कार्यालय, उत्तर किवू.

अर्जदार: फुराहा बउमा, भूविज्ञान पदवीधर, रा. कामुंगा.

विषय: बंद कोल्टन खाणीतून भावाचा मृतदेह काढण्याची परवानगी मिळण्याबाबत (तिसरा अर्ज).

संदर्भ: माझे आधीचे दोन अर्ज व त्यांवरील आपली नकारपत्रे.

महोदय,

माझा धाकटा भाऊ देओग्रासियास पावसाळ्यात दरड कोसळून कामुंगा टेकडीच्या बोगद्यात गाडला गेला. त्यानंतर आपण टेकडीला लाल शेरा दिला. तेव्हापासून तेथे कुदळ मारणे गुन्हा आहे. आई अजून अंगणात, शेकोटीशेजारी चटईवर झोपते. माणूस पुरल्याशिवाय आमच्यात ती शेकोटी विझवत नाहीत.

पहिल्या अर्जाच्या वेळी आपले लिपिक श्री. पालुकू म्हणाले, "पोरी, तू मढं म्हणतेस, कायदा माती बघतो. माती उचलली की खाणकाम झालं." त्या मातीत कोल्टन आहे, हे मला मान्य आहे. त्यातला टँटलम फोनच्या बारीक भागांत, विमानाच्या इंजिनात जातो. मोडलेली हाडे सांधायलाही वापरतात, कारण शरीर त्याला परके मानत नाही. परंतु हे काळे खनिज जड असते आणि आमच्याकडे ते पाण्याने धुऊनच मातीतून वेगळे काढतात. म्हणून आम्ही वर पाणी नेणार नाही, उपसलेली माती त्याच खड्ड्यात परत टाकू, असे मी दुसऱ्या अर्जात लिहून दिले.

त्यावर आपण कळवले की, मृतदेहाला चिकटलेली माती हे टॅग नसलेले, म्हणजे कायदेशीर खाणीची खूणचिठ्ठी नसलेले खनिज ठरते. सबब मृतदेह जागेवरच धुवावा. बंद खाणीत काहीही धुण्यास मात्र मनाई आहे. मग करायचे काय, असे विचारता श्री. पालुकू म्हणाले, "न धुता खाली आणायचा नाही, आणि वर धुवायचा नाही. माझ्यावर कशाला डोळे वटारतेस? नियम काय मी जन्माला घातले?"

तरी विनंती की, देह ताडपत्रीत शिवून खाली आणू द्यावा. आपल्या कार्यालयाच्या आवारात, आपल्या माणसांदेखत आई त्याला धुवेल. पाणी पिंपात धरू. तळाशी बसेल तो गाळ आपण सील करून ठेवून घ्यावा. नखांखालची मातीही आम्ही काढून देऊ.

हेही मान्य नसेल, तर एवढे करावे. कोरड्या ऋतूत टेकडीवर यंत्राने खोदकाम सुरू होणार, असे आपल्याच पत्रात आहे. मी काढलेला नकाशा सोबत जोडला आहे. मुख्य बोगदा संपतो तेथून उजवीकडे पांढऱ्या चिकणमातीची शीर लागते. देओ तिच्या पायथ्याशी असावा. अंगात पिवळा स्वेटर होता. पिवळा धागा दिसताच चालकाने यंत्र थांबवावे आणि पुढचे हातांनी काढावे.

आपल्या लेखी उत्तराची वाट पाहणारी,
फुराहा बउमा
दि. १४ मे